मांडवातला पाहुणा

झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन आणि आसपासच्या गावांत लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होत असली, तरी तिचा खरा भर चैत्र-वैशाखात असतो. कापूस-तूर विकून हाती पैसा आलेला असतो, वावरे मोकळी असतात, शाळांना सुट्या लागलेल्या असतात आणि पैनगंगेपलीकडचे आदिलाबादचे, अलीकडचे वणी-पांढरकवड्याचे सोयरे एकाच दिवशी येऊ शकतात. नेमक्या याच दिवसांत या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्रिकेवर मुहूर्त ११ वाजून ३५ मिनिटांचा छापलेला असतो. नवरदेवाची मिरवणूक मात्र डीजेच्या गाडीमागून मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतचे अंतर कापायला दोन-अडीच तास घेते. तोवर मांडवात म्हातारी माणसे, तान्ही लेकरे घेऊन आलेल्या बाया आणि परतीच्या गाडीच्या चिंतेत पडलेले परगावचे पाहुणे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर घाम पुसत बसून राहतात. हे एका घराचे किंवा एका जातीचे चित्र नव्हे. वऱ्हाडात ते इतके अंगवळणी पडले आहे की तक्रार करणाराच तऱ्हेवाईक ठरतो.

महाराष्ट्रात लग्न या विषयावर दीडशे वर्षांहून अधिक काळ गंभीर वाद झाले. वराचे आणि वधूचे वय, हुंडा, पौरोहित्य, कर्ज, उधळपट्टी यांवर कमिशने बसली, कायदे झाले, कीर्तने झाली. या साऱ्या मंथनात यजमानाच्या गाठीची काळजी वाहिली गेली, आणि ती वाहायलाच हवी होती. पण निमंत्रण स्वीकारून, मजुरी बुडवून, भाडे खर्चून जो आला त्याच्या जिवाच्या सुखाचा विचार मात्र क्वचितच कुणी स्वतंत्रपणे केला. वस्तुतः हे दोन प्रश्न एकाच मुळाचे आहेत. ज्या ज्या काळात लग्नातले प्रदर्शन वाढले, त्या त्या काळात पाहुणा सोयऱ्याचा प्रेक्षक झाला; आणि प्रेक्षकाला थांबवून ठेवण्यात कोणालाच अपराध वाटत नाही.

मराठी वाङ्मयाच्या आरंभापासून लग्न हा आतिथ्याचा सोहळा म्हणूनच रंगवला गेला. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात याच वऱ्हाडातल्या रिद्धपूरला महानुभाव पंथातील महदंबेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे ‘धवळे’ रचले. मराठीतील आद्य कवयित्रीची रचना लग्नगीतांची असावी, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. त्याच कथेवर नरेंद्राने लिहिले आणि १५७१ मध्ये एकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले. जिचे माहेर परंपरेने अमरावती जिल्ह्यातले कौंडिण्यपूर मानले जाते, त्या राजकन्येचे हे लग्न शतकानुशतके मराठी घरांनी आपल्या घरातले मानले, कारण त्यात देवादिकांच्या आडून आपल्याच व्याही-विहिणी, आपलेच मानपान आणि आपल्याच पंगती दिसत होत्या. दोन घरे एकमेकांना जेवू घालतात, एकमेकांचे रुसवे काढतात, एकमेकांच्या म्हाताऱ्यांना हात धरून पाटावर बसवतात, तेव्हा कुठे सोयरीक होते, अशी ती समजूत होती.

त्या समजुतीला व्यवस्थेचे भक्कम अंग होते, आणि त्याकडे जवळून पाहिले पाहिजे. घड्याळ नव्हते त्या काळी मांडवात पाण्याने भरलेले घंगाळ ठेवून त्यात तळाला बारीक छिद्र पाडलेली तांब्याची वाटी सोडत. छिद्रातून पाणी आत शिरत राही, वाटी हळूहळू जड होई आणि भरली की बुडे. एक घटिका झाली, म्हणजे २४ मिनिटे. जोशी त्या घटिकापात्राजवळ बसून असे आणि घटका भरत आली की अंतरपाट धरला जाई. मुहूर्त हा त्या वाटीशी बांधलेला होता. नवरदेवाच्या मित्रांच्या उत्साहाशी नव्हे. मुहूर्तावरची श्रद्धा कुणाला पटो वा न पटो, तिचा एक व्यावहारिक लाभ निर्विवाद होता: आलेल्या माणसाला आपण केव्हा मोकळे होणार हे ठाऊक असे. आज पत्रिकेत मिनिटापर्यंतचा मुहूर्त छापणारे आणि तो तासांनी मोडणारे घर श्रद्धाही पाळत नाही आणि शब्दही.

मांडवाचेही तसेच होते. लग्नाआधी गावातली माणसे रानात जाऊन बल्ल्या आणि आंब्या-जांभळाच्या हिरव्या डहाळ्या आणीत. त्या डहाळ्यांच्या दाट छपराखाली, शेणाने सारवलेल्या आणि पाणी शिंपडलेल्या जमिनीवर वैशाखातही बसवत असे. वराकडच्या मंडळींसाठी जानवसा ठरलेला असे. तिथे पाय धुवायला पाणी, टेकायला सतरंजी, आल्याबरोबर काही थंड पेय, आणि त्या घराची माणसे दिवसभर पाहुण्यांच्या दिमतीला. रांजण भरून ठेवणे, पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण लावणे, वाढायला उभे राहणे ही कामे भाऊबंद आणि शेजारी वाटून घेत. यजमानाचा खर्च त्यामुळे आवाक्यात राही हे खरे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की ज्याने स्वतः पाणी भरले त्याला तहान कोणाला लागली आहे हे दिसत असे. या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, कुणाची पंगत कुठे आणि केव्हा बसायची याचे क्रूर नियम होते, आणि बायका सर्वांच्या शेवटी जेवत. जुन्या मांडवाचे गोडवे गाताना हे झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. सावली आणि पाणी यांचे जे ज्ञान त्या काळाने कमावले होते ते आपण टाकून दिले, आणि मानापमानाची जी खोड टाकायची ती जपली, हे आपल्या आजच्या लग्नांचे खरे दुखणे आहे.

सत्ता आणि वैभव यांच्या शिखरावर असलेल्या लग्नातही पाहुण्याचा विचार पुढे ठेवता येतो, याचा दाखला पेशवाईतच सापडतो. १७८३ मध्ये पुण्यात सवाई माधवरावांचे लग्न झाले तेव्हा नाना फडणविसांनी बंदोबस्ताची तपशीलवार यादी केली आणि एकेक काम एकेका जबाबदार माणसाकडे सोपवले. त्या लग्नातला थाट लोकांनी अनेक वर्षे आठवला. यादीमागची दृष्टी मात्र तेवढी आठवणीत राहिली नाही. राज्य चालवणाऱ्या कारभाऱ्याला जे काम जातीने लक्ष घालण्याइतके महत्त्वाचे वाटले, ते आज आपण एका कंत्राटदाराला ठोक रकमेत देऊन मोकळे होतो आणि लग्नाच्या दिवशी पाण्याचे कॅन किती आले हे घरातल्या एकालाही सांगता येत नाही.

पेशवाई गेली आणि नव्या राजवटीत लग्नाचा प्रश्न हिशेबाच्या वहीत शिरला. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये लिहिलेल्या शतपत्रांतून समाजाच्या निरर्थक चालीरीतींवर आणि खर्चिक समारंभांवर कठोर टीका केली. १८७५ मध्ये सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले, शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, आणि मग शेतकरी कर्जबाजारी का होतो याची चौकशी सुरू झाली. साहेबी आणि पांढरपेशा वर्तुळांत एक उत्तर तयारच होते: तो लग्नात उधळतो. दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या कमिशननेच या कारणाला अवाजवी महत्त्व दिले जाते असे मत नोंदवले, तरी ते उत्तर पुढची शंभर वर्षे जिवंत राहिले. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या आरोपाला दिलेले उत्तर या विषयातले सर्वांत डोळस लेखन आहे, कारण त्यांनी वहीतल्या आकड्यांशी न थांबता पंगतीत जाऊन पाहिले. शेतकऱ्याच्या लग्नात प्रत्यक्ष काय वाढले जाते, ते किती निकृष्ट असते, हे त्यांनी तपशिलाने मांडले. पाहुण्याच्या पानात काय पडते यावरून समाजाची स्थिती ओळखावी, हा त्यांनी घालून दिलेला पाठ आपल्या अर्थशास्त्राने आणि समाजसुधारणेने फारसा गिरवला नाही. त्याआधी दहा वर्षे, २४ सप्टेंबर १८७३ ला स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लावला. भटजी आणि अवास्तव खर्च वगळून जे उरले, त्यात वधू-वरांची प्रतिज्ञा होती आणि साक्षीला जमलेली माणसे होती. पाहुणा तिथे साक्षीदार होता. त्याच्या असण्यामुळे लग्न लग्न ठरत होते.

मुकुटबनचा मुलूख तेव्हा वऱ्हाडाच्या टोकाचा होता. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या वऱ्हाडात हा भाग ‘वूण’ म्हणजे वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याचे नाव यवतमाळ झाले. मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या चार भाषा जिथे एका बाजारात ऐकू येतात, तिथे लग्नाची एकच रीत कधीच नव्हती. मध्य प्रांतातील जाती-जमातींवर १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात रसेल आणि हिरालाल यांनी नोंदवले आहे की गोंडांमध्ये वधूची मंडळी मिरवणुकीने वराच्या घरी येते आणि लग्न तिथे लागते. म्हणजे आपल्या शेजारच्याच पाड्यात मुलीचा बाप हा पाहुणा होता आणि त्याची सरबराई करण्याचे ओझे वरपक्षावर होते. ज्या समाजाला आपण मागास म्हणत आलो त्याने निदान या एका बाबतीत मुलीच्या बापाला ताठ मानेने बसण्याची जागा दिली होती. पुढे त्या घरांनीही आपली नक्कल सुरू केली. जे आपल्याला शिकता आले असते तेच आपण त्यांना विसरायला लावले.

विसाव्या शतकात वऱ्हाडाने दोन संत असे दिले की ज्यांनी समारंभाचे मोजमाप पाहुण्याच्या, त्यातही गरीब पाहुण्याच्या बाजूने केले. गाडगेबाबांनी स्वतःच्या मुलीच्या बारशाला दारू आणि मांसाची रूढ मेजवानी नाकारून गोड जेवण घातले, कर्ज काढून सण-समारंभ करू नका असे कीर्तनाकीर्तनातून सांगितले, आणि त्याच वेळी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. खर्च नाकारणारा हा माणूस निवाऱ्याच्या बाबतीत मात्र कधीही कंजूष नव्हता, आणि त्यांच्या काटकसरीचा अर्थ लावताना ही दुसरी बाजू सोडून चालत नाही. तुकडोजी महाराजांनी १९५५ च्या ग्रामगीतेत साध्या आणि सामुदायिक विवाहाचा पुरस्कार केला. लग्न हे गावाचे काम आहे, ही त्यामागची धारणा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिल्यानंतर विदर्भातल्या गावोगावच्या बौद्ध कुटुंबांत अल्पावधीत होणारा, सर्वांना समजेल असा विवाहविधी रुजला. १९६० च्या दशकातल्या अन्नटंचाईत काही राज्यांनी पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारे आदेशही काढले. आदेश टंचाईबरोबर विरले. संतांची आणि बाबासाहेबांची शिकवण जिथे मनापासून स्वीकारली गेली तिथे ती टिकली, आणि जिथे फक्त जयंतीपुरती उरली तिथे डीजे शिरला.

त्यानंतरचा यवतमाळचा इतिहास सांगताना हात जड होतो. कापसाच्या अर्थकारणाने पिचलेल्या या जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर पोचले, आणि १८७५ चे जुने उत्तर पुन्हा उच्चारले गेले: मुलीच्या लग्नाचा खर्च. २००५ मध्ये राज्याच्या आणि २००६ मध्ये केंद्राच्या पॅकेजची घोषणा झाली. सामुदायिक विवाहांना सरकारी बळ मिळाले. ‘शुभमंगल’ योजनेत शेतकऱ्याच्या मुलीच्या लग्नासाठी १०,००० रुपये आणि आयोजक संस्थेला जोडप्यामागे २,००० रुपये असे अनुदान ठरले. या सोहळ्यांनी हजारो घरांची लाज राखली आणि त्यांचे मोल कमी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तरीही तिथेसुद्धा जुना दोष वेगळ्या वेषात आला. मुहूर्त नवरदेवाच्या मिरवणुकीऐवजी पुढाऱ्याच्या गाडीसाठी थांबू लागला, आणि मुंडावळ्या बांधलेल्या मुली भाषणे संपेपर्यंत उन्हात बसू लागल्या. कर्जाचा प्रश्न सोडवताना माणसाचा प्रश्न मागे राहतो, हे फुल्यांनी दाखवूनही आपण तेच पुन्हा केले.

आता मुकुटबन बदलते आहे. परिसरात कोळसा आहे, चुनखडी आहे. २०२२ मध्ये वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला. काही घरांत पगाराचा, काही घरांत जमिनीच्या मोबदल्याचा पैसा आला, आणि तो जिथे सर्वांना दिसेल तिथे, म्हणजे लग्नात, उतरला. मंचावर फुलांच्या कमानी आल्या, एलईडीचा पडदा आला, डोक्यावर ड्रोन फिरू लागला. पंगतीऐवजी बुफे आला आणि ज्याचे गुडघे दुखतात तो आजोबा भरलेले ताट एका हातात धरून दुसऱ्या हाताने जेवायला जागा शोधू लागला. वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, पोळी आणि बुंदी एवढ्यावर तृप्त होणाऱ्या माणसाला पंधरा पदार्थ मिळतात, पण ‘अजून घ्या’ म्हणत पानासमोर थांबणारे कोणी नसते. बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह नसते; सकाळी घरून निघालेल्या कित्येक जणी त्या भीतीने दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि अशा उन्हात पाणी न पिणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

हे धोके कल्पनेतले नाहीत. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. खारघर समुद्राजवळ आहे. तिथला पारा वणी-चंद्रपूरच्या मे महिन्यापेक्षा कितीतरी खाली होता. २०२२ च्या मे महिन्यात लातूर जिल्ह्याच्या निलंगा तालुक्यात एका लग्नात जेवलेल्या तीनशेहून अधिक लोकांना विषबाधा झाली. पहाटे रांधलेले अन्न दुपारी उशिरापर्यंत उन्हात झाकून ठेवले की जेवणात काय होते, हे आपल्या आज्यांना कोणत्याही प्रयोगशाळेविना ठाऊक होते. आणि लग्न लांबले की जेवण लांबते, हे तर उघडच आहे. उशिराची किंमत वेळेत मोजून भागत नाही. ती म्हाताऱ्याच्या रक्तदाबात, लेकराच्या जुलाबात, अंधार पडल्यावर शेवटची बस चुकलेल्या बाईच्या काळजीत मोजावी लागते.

करोनाने या सगळ्याची एक सक्तीची परीक्षा घेतली होती. २०२० मध्ये लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात २५ माणसे आणि दोन तास एवढ्यात लग्न उरकण्याचे बंधन आले. त्या दिवसांत लागलेली लग्ने आजच्या लग्नांपेक्षा कच्ची ठरलेली नाहीत. ज्यांना बोलावता आले नाही त्यांचे दुःख होते, आणि ते खरे होते; पण दोन तासांत मंगलाष्टके, सप्तपदी आणि जेवण सारे नीट होऊ शकते, हे प्रत्येक गावाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. बंधन उठले तेव्हा माणसे परत आली याचा आनंद योग्यच होता. त्यांच्यासोबत तो अडीच तासांचा नाचही परत आला. २०२५ मध्ये अहिल्यानगर आणि पुण्याकडे मराठा समाजाच्या बैठकांनी लग्नासाठी आचारसंहिता ठरवली, तिच्यात मर्यादित पाहुणे, डीजेला फाटा, वेळेवर लग्न अशी कलमे आली. उपक्रम स्तुत्य आहे. पण शपथा आणि ठराव यांचा आपला इतिहास पाहता, तो कागदावरून मांडवात उतरतो की नाही हे प्रत्येक गावातल्या पहिल्या दोन-चार घरांवर अवलंबून राहील.

मुकुटबन परिसरातल्या घरांना म्हणून एक कळकळीची विनंती आहे. एप्रिल-मे टाळता येत नसेल तर दुपार टाळा. गोरज मुहूर्त आपल्याच परंपरेतला आहे आणि पैनगंगेपलीकडचे तेलुगू सोयरे तर रात्रीच्या आणि पहाटेच्या मुहूर्तावर पिढ्यान्‌पिढ्या लग्ने लावत आले आहेत. त्यांच्या लेकी आपल्या घरात नांदतात, तेव्हा त्यांची ही रीतही आपल्या घरात यायला हरकत नाही. वरात काढायची तर ती मुहूर्ताआधी संपेल अशी काढा, आणि ती थांबवण्याचा अधिकार घरातल्या एका वडीलधाऱ्याला सर्वांसमक्ष आधीच देऊन ठेवा. पाहुण्यांचा आकडा पाण्याच्या, सावलीच्या आणि स्वच्छतागृहांच्या हिशेबाने ठरवा. जितक्यांची सोय होते तितक्यांनाच पत्रिका द्या, आणि ज्यांना देता आली नाही त्यांच्या घरी नंतर जोडप्याला घेऊन पाया पडायला जा. पहिली पंगत म्हाताऱ्यांची, लेकुरवाळ्यांची आणि लांबून आलेल्यांची बसवा, आणि वाजंत्रीवाले, आचारी, गाड्यांचे चालक यांना त्यानंतर लगेच जेवू घाला. दर तासाला मांडवातून मठ्ठा किंवा पन्हे फिरवायला घरातलीच दोन माणसे नेमा, कंत्राटदाराची नव्हे. ड्रोनच्या पैशांत कूलर येतात. आणि पत्रिका छापायला देण्यापूर्वी मुहूर्ताची वेळ एकदा नीट वाचा. ती पाळणार असाल तरच छापा.